जुना करार मोडला का?

यंदा रमजानचे रोजे आणि ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सोबतच सुरू झाले. त्या उपवासकाळाच्या शेवटी, ३ एप्रिलच्या गुड फ्रायडेला, रोमपासून वसईपर्यंत कॅथलिक चर्चमध्ये यहुद्यांसाठी एक प्रार्थना होईल. प्रार्थना जेमतेम चार ओळींची, पण चर्चची भूमिका किती बदलली आणि कुठे अडली, हे तिच्यावरूनच कळते.

पूर्वी या प्रार्थनेत यहुद्यांना 'श्रद्धाहीन' अशा अर्थाचे लॅटिन विशेषण लावलेले असे. पोप जॉन तेविसावे यांनी ते १९५९ मध्ये काढले. पुढच्या वर्षी ज्यूल इझाक हे फ्रेंच यहुदी इतिहासकार त्यांना भेटले. पत्नी आणि मुलगी नाझी छळछावणीत गमावलेला हा माणूस. यहुदीद्वेषाचे खतपाणी चर्चच्या शिकवणीतून आले, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी चर्चने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारले. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. (मुस्लिम आणि हिंदूंविषयी आदराची भाषाही याच घोषणापत्रातली.)

आरोप मागे घेणे त्यामानाने सोपे होते. खरा पेच पुढचा. बायबलच्या दोन भागांना मराठीत 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतात. नवा करार झाला की जुना आपोआप संपतो, हा आपला घरभाड्याचा अनुभव. देवाने इस्राएलशी केलेल्या कराराचेही तसेच झाले, असे ख्रिस्ती धर्मपंडितांतले बहुतेक शतकानुशतके मानत आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीत माइन्झ येथे वेगळे सांगितले : तो करार देवाने कधीच रद्द केलेला नाही. पण तारण सर्वांसाठी येशूतूनच, हेही चर्च सोडत नाही. मग यहुद्यांना धर्मांतराचे आवाहन करायचे की नाही?

उत्तर एक नाही. १९७० ची प्रार्थना यहुद्यांची त्यांच्या कराराशी निष्ठा वाढो, असे मागते. जुन्या लॅटिन विधीसाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००८ मध्ये लिहिलेली प्रार्थना मात्र त्यांनी येशूला तारणारा म्हणून ओळखावे, असे मागते. एकच चर्च, एकच दिवस, दोन मागण्या! सक्तीच्या बाप्तिस्म्यांचा इतिहास ज्यांच्या पूर्वजांनी भोगला, त्यांना हा शब्दच्छल वाटत नाही. यहुदी संघटनांनी तेव्हा तीव्र नाराजी नोंदवलीच.

व्हॅटिकनच्या आयोगाने २०१५ मध्ये तोडगा काढला. यहुद्यांसाठी संघटित धर्मप्रसार चर्च करणार नाही, मात्र ख्रिस्ती माणसाने नम्रपणे आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी. येशूला न मानताही यहुदी तारणात सहभागी कसे, हे देवाचे अथांग गूढ. ही पळवाट आहे, असे म्हणता येईल, पण दोन हजार वर्षे खात्रीने दिलेल्या उत्तरापेक्षा ही कबुली अधिक प्रामाणिक आहे.

यहुदी बाजूही एकमुखी नाही. रब्बी सोलोवेचिक यांनी १९६४ मध्येच बजावले होते, की सामाजिक कामात हातात हात घालू, पण श्रद्धेची वाटाघाट नको. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तोरा, म्हणजे मोशेचे नियमशास्त्र, जीवन देत नाही अशा आशयाचे प्रवचन केले, तेव्हा इस्राएलच्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने खुलासा मागितला. गाझा युद्धाने ताण आणखी वाढवला.

जुन्या लॅटिन विधीवर फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये कडक मर्यादा घातल्या. त्या सैल कराव्यात, ही मागणी आता पोप लिओ चौदावे यांच्यासमोर आहे. ती मान्य झाली, तर २००८ ची प्रार्थनाही अधिक चर्चमध्ये परतेल.