मुरुडच्या चुलीवर कासुले

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्सांतील तुलूझ शहरीं राहतो. गेल्या मार्गशीर्षांत तो मुरुडास आला, तेव्हां त्यानें स्वयंपाकघरापुढें एक कोडें टाकलें. त्या प्रांतीं ‘कासुले’ नांवाचें पक्वान्न फार प्रसिद्ध आहे. पांढरा घेवडा, डुकराचें मांस व चरबींत मुरविलेलें बदक (सोंवळ्या वाचकांनीं क्षमा करावी!) हीं मातीच्या भांड्यांत तासन्‌तास रटरटत ठेवितात. घराचें सोंवळें न मोडतां हें आपल्याकडे होईल काय?

पहिल्या दिवशीं आम्हीं सोपी वाट धरिली. लातूरच्या बाजारांत सोयाबीनला तोटा नाहीं. त्याच्या वड्या घेवड्यांत घातल्या. मुलांनीं ‘‘अगदीं मटणासारखें!’’ म्हटलें मात्र, आत्याबाईंनीं ताट दूर सारलें. ‘‘जें खायचें नाहीं, त्याचें सोंग तरी कशाला खायचें?’’ आम्हांस राग आला. पण रात्रीं विचार करितां त्यांचेंच म्हणणें पटलें.

कासुले हें नांव ‘कासोल’ ह्या मातीच्या भांड्यावरून पडलें आहे, मांसावरून नव्हे. कास्तेलनोदारी, कार्कासोन व तुलूझ हीं तीन गांवें मांस कोणतें घालावें ह्याविषयीं वाद घालितात. भांडें व घेवडा ह्यांविषयीं वाद नाहीं. मग मांसाची नक्कल न करितां, तें तेथें काय काम करितें एवढेंच पाहावयाचें: स्निग्धपणा, रसाचा दाटपणा व भाजल्याचा खमंग वास.

दुसऱ्या खेपेस दोन वाट्या घेवडा (बाजारांतला पांढरा राजमा) रात्रभर भिजविला, तें पाणी टाकून दिलें व नव्या पाण्यांत चांगलीं दहा मिनिटें खळखळून उकळविला. ही उकळी कोणींहि चुकवूं नये. कच्च्या राजम्यांत उलट्या-जुलाब करणारें एक द्रव्य असतें, आणि नुसत्या मंद आंचेवर तें नाहींसें होत नाहीं. दाणा बोटानें दबेपर्यंत शिजल्यावरच टोमॅटो घातले, कारण आंबट आधीं पडलें कीं दाणा निबर राहतो. कांदा, लसूण व गाजर सढळ तुपांत चांगलें तांबूस केलें. आत्याबाईंसाठीं वेगळ्या लहान भांड्यांत कांदा-लसणाऐवजीं हिंग. वाटीभर दाणे चेंचून रसांत मिसळतांच हवा तो दाटपणा आला. वर पावाच्या चुऱ्याऐवजीं शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा तुपांत परतून पसरला, आणि मागल्या अंगणांतील चुलीवर, झांकणावरहि निखारे ठेवून, दोन तास भांडें सोडून दिलें. वर धरलेला खरपूस थर सात वेळां मोडून आंत ढकलावा असा तिकडचा जुना दंडक सांगतात. आम्हीं तीनदां मोडला. पुढें धीर राहिला नाहीं.

आत्याबाईंनीं दुसऱ्यांदा मागून घेतलें. कासुले म्हणावयास मात्र त्या तयार नाहींत. त्यांच्या लेखीं तो ‘मडक्यांतला घेवडा’. पुतण्या परततांना पिशवींत ज्वारीचें पीठ घेऊन गेला. तिकडे शिळी भाकरी कोठून मिळावी?