गद्दार कोण, साक्षीदार कोण?

चित्रा चौक, सरोज चौक, प्रभात चौक. अमरावती शहरातील चौकांची ही नावे चित्रपटगृहांवरून पडली आहेत. सी. पी. बेरार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपट-वितरण क्षेत्राचा मोठा कारभार पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातील कचेऱ्यांतून चालला. अकोल्याच्या माणिक आणि वसंत टॉकीजचे नाव काढले की तेथील जुन्या प्रेक्षकांना अजूनही तिकिटांच्या रांगा आठवतात. चित्रपट हा वऱ्हाडाच्या नागरी जीवनाचा एक भागच होता. म्हणूनच पडदा येथील तरुणांच्या मनावर कोणते संस्कार करतो, हा प्रश्न केवळ समीक्षकांचा उरत नाही. तो शिक्षकांचा आणि पालकांचाही आहे.

या दृष्टीने एका विशिष्ट चित्रपट-प्रकाराकडे पाहण्यासारखे आहे. चार-पाच चोर एकत्र येतात, मोठ्या दरोड्याचा बेत आखतात, त्यांतला एक विश्वासघात करतो आणि मग सूडाचे चक्र सुरू होते. अशी ही कथा असते. तिला नामांकित नट लागत नाहीत, परदेशी स्थळे लागत नाहीत, भव्य देखावेही लागत नाहीत. एक बंद खोली, पैशांची एक पिशवी आणि एकमेकांकडे रोखून पाहणारी काही माणसे एवढ्यावर तिचे भागते. संशय फुकट मिळतो, आणि या चित्रपटांचे खरे भांडवल संशय हेच असते. स्टॅन्ली क्युब्रिकने १९५६ साली ‘द किलिंग’ हा चित्रपट अवघ्या सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्चात पुरा केला. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील लूट हा त्याचा विषय. योजना अचूक असते, परंतु टोळीतला एक दुबळा नवरा बायकोजवळ तोंड उघडतो आणि सारा डाव उधळतो. हिंदीत श्रीराम राघवन यांच्या २००७ मधील ‘जॉनी गद्दार’ने हीच वाट चोखाळली. पाच भागीदार प्रत्येकी पन्नास लाख काढतात. त्यांतला सर्वांत तरुण भागीदार ती अडीच कोटींची रक्कम स्वतःच लांबवतो आणि एक खून झाकण्यासाठी दुसरा करीत जातो. शेवटी एका मृत साथीदाराची पत्नी त्याला गोळी घालते, आणि तीही तो दुसराच कोणी आहे अशा समजुतीने!

अशा चित्रपटांना हलके लेखण्याचे कारण नाही. चोरी करणे एक वेळ सोपे, पण चोरीची वाटणी करणे अवघड, हे मनुष्यस्वभावाचे मर्म त्यांनी नेमके पकडले आहे. जे बाहेरच्या जगाशी प्रामाणिक नाहीत, त्यांनी आपसात प्रामाणिक राहावे ही अपेक्षाच पोकळ असते. तो पोकळपणा हे चित्रपट उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता दाखवून देतात.

ज्याचे गेले तो कोठे आहे?

परंतु याच प्रकारात एक मोठी उणीव आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. टोळीच्या आतच सारी कथा घडत असल्याने प्रेक्षकही नकळत टोळीचा सभासद बनतो. ज्याचा पैसा गेला, तो पडद्यावर क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. वाटेत मारला गेलेला पहारेकरी कोणाचा तरी बाप होता, याची आठवण कोणी ठेवत नाही. प्रेक्षागृहाच्या न्यायालयात मग एकच गुन्हा उरतो, तो म्हणजे गद्दारी. दरोडा क्षम्य ठरतो, खूनही प्रसंगी क्षम्य ठरतो. साथीदारांना सोडून जाणारा मात्र अक्षम्य! त्याला गोळी लागते तेव्हा टाळ्या पडतात. या टाळ्यांचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर एकदा फार भयंकर रीतीने शोधावे लागले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. पहाटेच्या दुधाला दार उघडतानाही पुणेकरांचे हात कापावेत, अशी दहशत तेव्हा शहरावर पसरली होती. पुढे गुन्हेगार सापडले, आणि ते कोणी मुरलेले दरोडेखोर नव्हते. कलामहाविद्यालयात शिकणारे ते तरुण विद्यार्थी होते. त्यांचा पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी होता. त्याच्याच हातून चिठ्ठी लिहवून घेऊन त्यांनी त्याच्या वडिलांकडून पैसे उकळण्याचा बेत रचला होता. १९७८ साली चौघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. खटल्यात सरकारपक्षाच्या बाजूने एक वर्गमित्रच उभा राहिला. तो माफीचा साक्षीदार झाला होता.

या प्रकरणावर मराठीत चित्रपट निघाला, आणि त्याचे दिग्दर्शक होते राजदत्त. १९३२ साली अमरावती जिल्ह्यातील धामणगावात जन्मलेला हा कलावंत. १९८६ साली आलेल्या या चित्रपटात टोळीच्या म्होरक्याची भूमिका नाना पाटेकर यांनी केली. नटाचा प्रभाव लक्षात घेता म्होरक्याचेच नाव चित्रपटाला देण्याचा मोह झाला असता, तरी तो समजण्यासारखा होता. पण चित्रपटाचे नाव ठेवले गेले ‘माफीचा साक्षीदार’. हिंदी चित्रपटाने अशाच माणसाला ‘गद्दार’ म्हटले असते. शब्दातला हा फरक साधा नव्हे. पुढे अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’ या चित्रपटामागेही याच हत्याकांडाची प्रेरणा होती. खोट्या अपहरणाचा बेत आखणाऱ्या आणि नंतर एकमेकांवरच उलटणाऱ्या तरुणांची ती कथा सेन्सॉरच्या आक्षेपात सापडली आणि कित्येक वर्षे चित्रपटगृहांत पोहोचली नाही.

कायद्याची तराजू

माफीचा साक्षीदार म्हणजे कोणी साधुपुरुष नव्हे, हे कायद्यालाही ठाऊक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३०६ व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३४३ व्या कलमाने, ही तरतूद केलेली आहे. माफी मिळते ती एका अटीवर. गुन्ह्यासंबंधी जे जे ठाऊक आहे ते सारे, स्वतःच्या वाट्यासह, खरे सांगितले पाहिजे. काही दडवले किंवा खोटे सांगितले तर माफी जाते आणि त्याच्यावरही खटला भरता येतो. एवढे करूनही गुन्ह्यातील भागीदाराच्या शब्दावर न्यायालय सहसा डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, त्या शब्दाला महत्त्वाच्या बाबींत अन्य पुराव्याचा आधार मागते. म्हणजे कायदा त्याला डोक्यावर घेत नाही. पण पडदा त्याला जशी गोळी घालतो, तशी गोळीही घालत नाही.

येथे मराठी भाषेने दाखविलेला विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे. टोळी सोडून न्यायालयात खरे बोलणाऱ्यास मराठी माणूस ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतो. पण आधी दिलेला जबाब फिरवून आरोपीच्या बाजूला जाणाऱ्यास तो ‘फितूर साक्षीदार’ म्हणतो. फितुरी हा इतिहासाने डागलेला शब्द आहे. किल्ल्याचे दार शत्रूला उघडून देणाऱ्याचा तो शब्द. आपल्या भाषेने तो सत्याला सोडणाऱ्यासाठी वापरला, टोळीला सोडणाऱ्यासाठी नव्हे. चित्रपटाने हीच वाटणी उलटी करून ठेवली आहे.

नावे सांगण्याची दुसरी बाजू

मात्र याचा अर्थ साथीदारांची नावे सांगणे ही नेहमीच पुण्याची गोष्ट असते, असा कोणी घेऊ नये. या प्रकारातला जगभर गाजलेला चित्रपट म्हणजे ज्यूल्स दासँचा ‘रिफिफी’ (१९५५). दरोड्याचा जवळजवळ अर्धा तासाचा प्रसंग त्यात एकाही संवादाशिवाय आणि संगीताशिवाय चित्रित केला आहे. हा चित्रपट सुमारे दोन लाख डॉलरमध्ये फ्रान्समध्ये बनला, कारण दासँला स्वतःच्या देशात काम मिळत नव्हते. १९५१ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे एडवर्ड डिमिट्रिक या सहव्यावसायिक दिग्दर्शकाने कम्युनिस्ट म्हणून त्याचे नाव सांगितले होते. ‘रिफिफी’त साथीदाराचे नाव उघड करणाऱ्या चोराची भूमिका दासँने टोपणनावाने स्वतःच केली, आणि चित्रपटात त्या चोराला त्याचा म्होरक्या गोळी घालतो. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. दासँच्या बाबतीत कोणाचा खून झालेला नव्हता, कोणाचे घर लुटले गेलेले नव्हते. केवळ मतांसाठी माणसाचे नाव मागितले जात होते. अशा वेळी तोंड मिटून बसणे हीच प्रतिष्ठा होती.

तेव्हा कसोटी एकच असू शकते. मौनाने कोणाचे रक्षण होते? निरपराध माणसाचे होत असेल तर मौन हे धैर्य आहे. अपराध्याचे होत असेल तर ते भागीदारी आहे. जास्त वाटा मिळावा म्हणून साथीदाराला बुडविणारा आणि आणखी एक जीव वाचावा म्हणून तोंड उघडणारा, या दोघांना ‘गद्दार’ या एकाच शब्दात कोंबणे ही विचारांची आळशी रीत झाली.

वर्गात आणि कचेरीत

हा विषय पडद्यापुरता असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु टोळीची नीती दरोडेखोरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. परीक्षेतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८२ मध्ये केला, रॅगिंगच्या प्रतिबंधाचा कायदा १९९९ मध्ये केला. तरीही वर्गात कॉपी पुरविली जात असताना पाहणारा विद्यार्थी बोलत नाही. वसतिगृहात नव्या मुलाचा छळ होताना शेजारच्या खोलीतील मुले दिवे मालवून पडून राहतात. बोलणारा ‘चुगलखोर’ ठरतो, आणि त्याच्याशी सारा मजला अबोला धरतो. कचेरीतही निराळे घडत नाही. टेबलाखालून घेतलेल्या पैशाचा वाटा नाकारणारा कारकून एक वेळ खपवून घेतला जातो. त्या पैशाबद्दल वरिष्ठांना लिहून कळविणारा मात्र खपत नाही. ‘आपल्याच माणसांना अडकवले’ हे दूषण त्याला निवृत्त होईपर्यंत चिकटते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा मंजूर केला खरा, पण तो अमलात आणण्याची घाई कोणत्याही सरकारला वर्षानुवर्षे झाली नाही. समाजाची मनोवृत्ती आणि सरकारची चालढकल यांचा येथे सुरेख मेळ बसला आहे!

पुण्यातील त्या तरुणांच्या पहिल्या अपराधानंतरच कोणी तोंड उघडले असते, तर पुढचे नऊ जीव कदाचित वाचले असते. हा ‘कदाचित’ फार जड आहे. प्रत्येक वर्गशिक्षकाने तो मनाशी तोलून पाहावा आणि मुलांनाही तोलायला शिकवावे. मैत्री म्हणजे मित्राचा अपराध झाकणे नव्हे. पहिल्याच चुकीला त्याचा हात धरणे, आणि तरीही तो ऐकत नसेल तर वडीलधाऱ्यांचे दार ठोठावणे, हीच खरी मैत्री होय.

यासाठी दरोड्याचे चित्रपट बंद करण्याची आवश्यकता नाही. उलट थोड्या पैशांत, मोजक्या नटांनिशी असे चित्रपट वऱ्हाडातील तरुणांनीही अवश्य करावेत. मात्र त्यांत ज्याचे गेले त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवावी. राजदत्तांनी ‘माफीचा साक्षीदार’च्या आधी, १९७७ साली, गाडगेबाबांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट केला होता. बाबा अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. ते कीर्तनात उपदेश कमी करीत आणि समोरच्या गर्दीला प्रश्नच अधिक विचारीत. लोकांच्या तोंडूनच उत्तर वदवून घेण्याची ती रीत होती. चोरांच्या कथेनेही प्रेक्षकाला असाच एक प्रश्न विचारावा. गोळी लागली तेव्हा टाळी वाजविलीत, ती कोणाच्या बाजूने? ज्या दिवशी प्रेक्षागृहातील हात हा प्रश्न ऐकून क्षणभर थबकतील, त्या दिवशी वर्गातील आणि कचेरीतील जिभाही मोकळ्या होऊ लागतील.