कुंडीतलं नाणं आणि फाळक्यांचा वाटाणा

पुन्हा तेच रोप. ‘चक्रवाढ व्याज दोन मिनिटांत’ समजावून सांगणारा आणखी एक ॲनिमेटेड व्हिडिओ या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरला. कुंडीत पेरलेलं नाणं, झारीतून पाणी, टुणकन वर आलेलं रोप आणि पानांच्या जागी नोटा. आवाज बंद करून पाहिला, तर एखाद्या रोपवाटिकेची जाहिरात वाटावी. या स्तंभाची ‘आवाज बंद’ कसोटी नेहमीच्या वाचकांना पाठ आहे: निवेदन काढून टाकलं तरी नुसत्या चित्रातून मुद्दा कळला पाहिजे. नापासांच्या यादीत एकाची भर.

कुंडीतलं रोप दाखवून लोकांच्या खिशात हात घालण्याची कल्पना मात्र आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ तुकड्यातुकड्याने टिपली. त्यातून जेमतेम मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार झाली. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, त्यातून कर्ज मिळायची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. म्हणजे हेतू दोन्हीकडे एकच, भांडवल गोळा करणं.

फाळक्यांचं ते ॲनिमेशन कुठे होतं, रोप तर खरं होतं, असं कुणी म्हणेल. कबूल. पण चौकटी जोडून काळ आवळण्याची युक्ती तीच, आणि पुढे त्यांनी आगकाड्याही तशाच नाचवल्या. मुख्य म्हणजे डोळ्याला एरवी कधीच न दिसणारी गोष्ट त्या मिनिटात दिसली. निवेदन नव्हतंच; मूकपटाला ती चैन कुठली?

चक्रवाढ व्याजातही सगळा खेळ काळाचाच आहे, आणि नाण्याच्या रोपात नेमका तोच गायब. एक लाख रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले असं धरा. १० वर्षांनी सुमारे ३ लाख ११ हजार, २० वर्षांनी ९ लाख ६५ हजार, ३० वर्षांनी जवळपास ३० लाख. पहिल्या दशकात भर पडते दोन लाख अकरा हजारांची, तिसऱ्यात वीस लाखांहून अधिकची. हे दाखवायला पडद्यावर दरवर्षी उंच होणारा एक साधा खांब पुरे. पहिली दहा वर्षं तो जेमतेम हलेल. हलू नये! प्रेक्षकाला तिथे कंटाळा आलाच पाहिजे, कारण खरा गुंतवणूकदार तिथेच कंटाळून पैसे काढून घेतो. टुणकन उगवणारं रोप त्याला नेमकं उलटं शिकवतं.

व्हिडिओच्या उत्तरार्धात पांढऱ्या फळ्यावर भराभर लिहिणारा तो गोरा हातही येतो. हा हात दिसला की समजावणं संपलं असं खुशाल समजावं. याला पुरावा विचारू नये. या स्तंभाकडे फक्त चीड आहे. हाताने ‘शिस्त’, ‘संयम’ आणि ‘स्वप्नं’ असे तीन शब्द लिहिले. आकडा एकही नाही.

आकडे टाळण्याचं कारण चित्रकाराचा आळस असेल, पण सोय दुसऱ्या कुणाची तरी दिसते. ही चित्रफीत बनवून घेणाऱ्यांचा धंदाच गुंतवणूक योजना विकण्याचा आहे. त्या १२ टक्क्यांतले दोन टक्के दरवर्षी खर्चापोटी कापले गेले, तर १० टक्क्यांनी ३० वर्षांत हाती येतात साडेसतरा लाख. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. तीस वर्षांनी त्यांची किंमत साडेबारा लाख होते. हाही चक्रवाढीचाच हिशेब आहे, आणि दोन खांब शेजारी उभे केले तर वीस सेकंदांत दाखवता येतो.