सोळा नंबरचा कासरा

उसाची भरलेली गाडी उताराला लागली की गाडीवान बैलांना हाकीत नाही. कासरा आवळून धरतो. हाकणे कोणालाही जमते, कसब आहे ते आवरण्यात. आपल्या शरीरातल्या पेशींचेही तसेच आहे. दिवाळीच्या अंकात कॅन्सरचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडून जिभेला लावायची आपल्याकडे रीतच आहे. फराळ त्यानंतर.

पेशीला 'आता दुभंग, एकीच्या दोन हो' म्हणून हाकणारी जी प्रथिने आहेत त्यांना किनेज म्हणतात. मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे, पण शब्द दिसला की त्याचे मूळ उकरण्याची खोड जात नाही. हालचाल या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून किनेज आला आणि त्याच मुळातून सिनेमाही आला. १९२९ साली 'प्रभात'चा जन्म झाला तो आमच्या कोल्हापुरात. तेव्हा किनेज आम्हांला अगदीच परका नाही म्हणायचा! तो करतो एवढेच की, दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवतो. पण तेवढ्याने त्या प्रथिनाची चालचलणूक पालटते. अशी पाचशेंहून अधिक किनेज माणसाच्या शरीरात आहेत.

आणि त्यांना आवरणारे कासरेही शरीर स्वतःच वळते. पी-सोळा, पी-एकवीस, पी-सत्तावीस अशी त्यांची नावे. कैद्यांच्या बिल्ल्यांसारखी वाटतात खरी, पण ते आकडे त्यांच्या रेणूच्या वजनाचे आहेत. त्यांतला पी-सोळा १९९३ साली अमेरिकेत सापडला. पेशी दुभंगण्याच्या वाटेवर आरबी नावाचा एक राखणदार फाटक लावून उभा असतो. किनेजने त्याला फॉस्फेट चिकटवले की तो बाजूला होतो. पी-सोळा त्या किनेजलाच धरून ठेवतो, म्हणजे फाटक बंदच राहते.

तुमच्याआमच्या अंगावरचा तीळ घ्या. तिथल्या पेशी कधीतरी वाढायला लागलेल्या असतात. पण पी-सोळासारखे कासरे आवळले जातात आणि तीळ तिळाएवढाच राहतो. ज्या घराण्यांत पी-सोळाचा बिघाड वारशाने येतो, तिथे त्वचेचा मेलॅनोमा नावाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. उलट कासरा फार आवळलेलाही बरा नाही. वय वाढते तसा पी-सोळा वाढत जातो, झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येईनाशा होतात. मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढवणारी काही आनुवंशिक चिन्हे याच प्रथिनाच्या शेजारपाजारी सापडली, तीही २००७ साली. असो. म्हातारपणाविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

मला सांगायची आहे ती गोष्ट गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतो, आणि वर्षा-दोन वर्षांत बहुधा आपण होऊन जातो. तेव्हा यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न काढू नये. पण एखादीच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. मग तो पी-सोळाच्या वाटेला जात नाही, थेट राखणदारालाच संपवतो. फाटक सताड उघडे! बिचारी पेशी पी-सोळावर पी-सोळा तयार करीत राहते. किनेज आवरले जाते, पण आता आवरून उपयोग काय? गंमत अशी की, हा निकामी कासराच डॉक्टरांना सुगावा देतो. मुखाचा लहानसा तुकडा काढून रंगवला की पी-सोळाने भरलेल्या पेशी तपकिरी दिसतात. कॅन्सर होण्याआधीची अवस्था त्यावरून ओळखता येते. आधीची, हे महत्त्वाचे. कारण तेव्हा उपचार लहान असतो आणि बाई बरी होते.

हे आपल्याच महाराष्ट्रात पडताळून झाले आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाने खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. काहींत विषाणूची तपासणी फक्त एकदा केली, काहींत दुसऱ्या तपासण्या. काहींत माहिती देऊन नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले. आठ वर्षांनी हिशेब मांडला. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे चौतीस हजारांत या रोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. शास्त्रीय अहवालात हे दोन आकडे शेजारी शेजारी शांतपणे बसले आहेत. त्यांतला चौसष्टचा आकडा मला तेवढ्या शांतपणे वाचवत नाही. त्या आपल्या देशाच्या तेव्हाच्या व्यवस्थेप्रमाणेच जगल्या आणि गेल्या, असे म्हटले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

खेड्यातल्या बायकांकडे निदान कोणीतरी दारी आले. शहरातल्या पांढरपेशा घरात तसे कोणी येत नाही. वर्षाचे तिखट, पोरांच्या परीक्षा, सासऱ्यांचे मोतीबिंदू, सगळ्यांच्या तारखा बाईच्या डोक्यात असतात. स्वतःची तेवढी नसते. 'मला काही होत नाही, मग कशाला?' असे ती विचारते. त्याला उत्तर एकच, की या रोगाची पहिली अवस्था दुखत नाही. तिशीपासून पुढे पाच ते दहा वर्षांनी एकदा विषाणूची तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नमुना घ्यायला काही मिनिटे पुरतात. मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस २०२३ साली बाजारात आली. नऊ ते चौदा या वयात तिचे दोन डोस पुरतात. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही, आणि आईला तर ती आजच हवी. भाऊबीजेच्या ओवाळणीत यंदा साडीऐवजी डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, तर बहीण पहिल्यांदा फणकारेल. फणकारू द्यावे.