शिवराईला चिंच लावू नका

डागाळलेलं जुनं नाणं साफ करावं की ते विकून त्याच जातीचं स्वच्छ नाणं घ्यावं, हा संग्राहकांचा नेहमीचा घोळ. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यापुरतं माझं उत्तर आहे: बहुतेक वेळा दोन्ही नको. तांब्यावर चढलेला काळपट-तपकिरी थर म्हणजे बाहेरून बसलेली घाण नव्हे. हवा आणि ओलावा लागून तांबंच तसं झालेलं असतं. चिंच किंवा लिंबू-मीठ लावलं की आम्लात तो थर विरघळतो, म्हणजे नाण्याचाच पापुद्रा जातो. खाली निघतो तो उघडा गुलाबी रंग. टाकसाळीतली झळाळी काही परत येत नाही. शिवराईचं नुकसान तर दुहेरी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, पण नाणं हातानं ठोकलेलं, त्यामुळे मजकूर अनेकदा अर्धामुर्धाच उमटलेला. ‘शिव’ की ‘सिव’, वेलांटी पहिली की दुसरी, ठिपके कुठे, यावरच प्रकार ठरतो, आणि झिजलेल्या नाण्यावर ही अक्षरं वाचता येतात ती खाचेत बसलेल्या गडद थरामुळे. घासणारा नेमकं तेच पुसून टाकतो.

यावर कुणी म्हणेल, हिरवा डाग तांबं खातो, तो कसा ठेवायचा? आक्षेप खरा आहे, पण सगळं हिरवं सारखं नसतं. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी. फिकट, भुकटीसारखा आणि पुसला तरी पुन्हा येणारा मात्र क्लोराइडचा रोग. असं नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं काढावं, कोरडं ठेवावं आणि जाणकाराकडे द्यावं. पीव्हीसीच्या पाकिटानं आलेला चिकट हिरवा लेप शुद्ध ॲसिटोननं निघतो, धातूला धक्का न लागता. (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेलं आणि सुगंध मिसळलेले असतात. ॲसिटोन चटकन पेटतं, तेव्हा देवघरातल्या समईपासून लांब.)

राहिली अदलाबदल. 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा डागाळला असेल तर खुशाल बदला. तो यंत्रावर पडलेला आहे, एकासारखा दुसरा सहज मिळतो. हाताच्या ठोक्यातून निघालेल्या दोन शिवराया मात्र तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे बदली मिळते ती दुसऱ्याच नाण्याची. शिवाय बाजारात लखलखीत शिवराई दिसली तर ती आधीच कुणीतरी घासलेली असण्याचा, नाहीतर परवाच घडवलेली असण्याचा संशय आधी घ्यावा. डागासाठी भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक त्याच दुकानात चकाकीसाठी जास्त पैसे मोजतं, आणि विक्रेते चिंच भिजवतात ती त्याच्याचसाठी.