मोठे मूल, आश्रित मूल

जुलै जवळ आला की कागदांच्या पिशव्या घेऊन मंडळी आमच्याकडे विहारात येतात. यंदा अजनीचे एक रेल्वे कर्मचारी आले. म्हणाले, “भाऊ, पोरगा अठ्ठावीस वर्षांचा झाला. बी.ए. होऊन घरीच आहे. खाऊ-पिऊ आम्हीच घालतो. रिटर्नमध्ये त्याला आश्रित दाखवता येते काय?”

आम्हाला ‘नाही’ म्हणावे लागले. आपल्याकडे आयकर माणशी लागतो; घरात खाणारी तोंडे किती, हे तो विचारत नाही. जुन्या करपद्धतीत दोन मुलांची शिकवणी फी आणि आश्रित मुलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता यांची वजावट मिळते. पण नुसते पोसण्याची वजावट नाही. उगाच खोटे लिहिले तर नोटीस येते, दंड बसतो.

उठता उठता ते हळूच म्हणाले, “मोठी मुलगी लहानपणापासून दिव्यांग आहे. तिचे नाव कुठेच लिहिले नाही. लोक काय म्हणतील!”

बंधू-भगिनींनो, खरी सवलत तिच्याच नावावर होती! १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८० डीडी म्हणून ओळखली गेली. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर पालकाच्या उत्पन्नातून ७५ हजार रुपये, ८० टक्के वा अधिक असेल तर १ लाख २५ हजार रुपये वजा होतात. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे पाहत नाहीत. मुलाच्या वयाची अट नाही. मात्र मूल मुख्यतः आपल्यावर अवलंबून हवे, प्रमाणपत्र हवे आणि जुनी करपद्धत निवडलेली हवी.

नव्या पद्धतीत ही वजावट नाही. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत, कर लागत नाही. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना वजावटीची गरजच पडणार नाही. दोन्ही हिशेब मांडून पाहा.

मग प्रमाणपत्र कशाला? आपल्या मागे त्या मुलीचे कोण, यासाठी! जुनी पेन्शन असलेल्या रेल्वे व केंद्रीय कर्मचाऱ्याच्या धडधाकट मुलाला फॅमिली पेन्शन फार तर २५ वर्षांपर्यंत मिळते. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या पश्चात ती आयुष्यभर मिळू शकते. कारखान्यातल्या कामगारासाठीही १९९५ च्या पेन्शन योजनेत कायम व पूर्ण अपंग मुलाला वयाची मर्यादा नाही.

आम्ही त्यांना सांगितले, आधी सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. मग कुटुंबाच्या तपशिलात मुलीचे नाव लिहून कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आपण हयात असताना हे काम एका अर्जाचे आहे. नंतर त्याच मुलीला दारोदार पुरावे मागावे लागतात.

लोकांचे काय, ते चार दिवस बोलतील. कागदावर नाव नसेल तर मात्र सरकार जन्मभर गप्प बसेल.