युद्ध एक, लढाया अनेक

जैनाबादेतून तापीपलीकडे पाहिले की बऱ्हाणपूर दिसते. त्याच्याही उत्तरेस असीरगड. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे झाली ती लढाई. ऑक्टोबरात इंग्रजांनी शिंद्यांच्या असीरगडास घातला तो वेढा. आणि ही दोन्ही ज्याची अंगे, ते दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. तीन गोष्टींना मराठीने तीन शब्द दिले.

हिंदीत मात्र 'पानीपत का तृतीय युद्ध' असे सर्रास म्हणतात. त्या भाषेत ते शुद्धच आहे. आमची तक्रार हिंदीविषयी नाही. परंतु हिंदीतून शिकणारी आमची मुले घरीही 'पानिपतचे युद्ध' म्हणतात, आणि महाराष्ट्रातही ही सवय शिरली आहे. आम्ही वकील, शब्दाची व्याप्ती मोजणे हाच आमचा व्यवसाय. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४७ नुसार भारत सरकारविरुद्ध 'युद्ध' करणाऱ्यास मृत्युदंड वा जन्मठेप आहे; दंग्यास तशी शिक्षा नाही. जेथे एका शब्दावर माणसाचे प्राण टांगलेले असतात, तेथे सैल शब्द परवडत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी बांधवांस एवढीच विनंती: घरात तरी लढाईस लढाईच म्हणावे.